जामुनची शनिवारची पोळी

धानाच्या व्यापाऱ्याकडचा काटा मोठा असतो. त्यावर पोती चढतात. त्या दिवशी त्यावर एक काळी कुत्री बसली होती आणि माझी मैत्रीण नीतू आकड्याकडे बघत होती.

चौतीस किलो. महिन्याभरापूर्वी तेहेतीस होते.

"माल ओला हाय ताई, भाव कमी लागन," एक हमाल म्हणाला. बाकीचे हसले.

नीतू हसली नाही. मला म्हणाली, "मी बरोबर वाचलं ना?"

बरोबरच वाचलं होतं.

नीतू शहराला लागून असलेल्या कुडव्यात एका मेडिकलच्या काउंटरवर उभी असते. तिचे वडील मनिराम बोदलकशाजवळच्या गावात धान करतात. आई, सुलोचनाबाई, कुडव्यात तिच्याबरोबर भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. भाऊ गुड्डू ट्रक चालवतो. राईस मिलचा तांदूळ घेऊन काकीनाड्याच्या बंदरावर जातो.

कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. तेव्हा रस्त्यात कुत्रं दिसलं की नीतू माझ्या दुसऱ्या बाजूला यायची. तिनेच कुत्री घरी आणली, हे ऐकून मला आधी खरं वाटलं नाही. जखमी कुत्री उचलणाऱ्या पोरांचा शहरात एक गट आहे. एका कुत्रीला पायऱ्या चढता येत नव्हत्या. तिला काही महिने सांभाळायला तळमजल्यावरचं घर हवं होतं. नीतू हो म्हणाली.

"काऊन पण?" मी विचारलं.

"तळमजला माझाच होता."

तीच ही जामुन. ती शनीच्या मंदिरामागे राहायची. काळ्या कुत्र्याला शनिवारी तेल लावलेली पोळी घातली की साडेसातीचा त्रास कमी होतो, असं आपल्याकडे मानतात. त्या भागात काळी कुत्री ती एकटीच. लोक पोळी घालत गेले, ती खात गेली. शेवटी ती रस्त्याच्या कडेला नुसती पडून असायची. गाड्या हॉर्न वाजवायच्या आणि तिला उठता यायचं नाही.

जनावरांचे डॉक्टर उमेंद्र यांनी तिला तपासलं. ते मोजकं बोलतात. "नसबंदी केल्याशिवाय कुणाला देता येणार नाही. आणि एवढ्या चरबीवर भूल देणं धोक्याचं आहे. आधी पंचविसाच्या आत आणा. अशी राहिली तर मे महिन्याचं ऊन सोसणार नाही तिला."

तिला मागणारा माणूस एकच होता. नवेगाव बांधचे चैतराम, वनखात्यातून निवृत्त झालेले, घरात एकटे. त्यांना पिल्लू नको होतं, वयाने मोठी, शांत कुत्री हवी होती. ते थांबायला तयार होते. ते नाही तर दुसरं कुणी नव्हतं. मग पुन्हा मंदिराची मागची भिंत, आणि पुन्हा पोळ्या.

नीतू उकडलेली कोंबडी, दुधी आणि मूठभर भात मोजून द्यायची. सकाळी तिला गल्लीच्या टोकापर्यंत चालवायची. जामुन प्रत्येक विजेच्या खांबापाशी बसायची. नीतू ओढायची नाही, शेजारी उभी राहायची. शाळेत जाणारी मुलं ओरडायची, "दीदी, धक्का मारू क्या?"

आणि एवढं करून वजन वाढलं होतं.

तिने जामुनचं रक्त तपासून घेतलं. सगळं ठीक निघालं. त्याने ती जास्तच घाबरली. आजार असता तर औषध असतं, म्हणाली. मी दुकानात गेले की काउंटरवर बोलता बोलता ती मध्येच थांबायची. गिऱ्हाईक गोळ्या मागायचं आणि ती मला विचारायची, "तिच्या पोटात पाणी झालं असेल का गं?"

एका शनिवारी दुपारी ती घरी काही विसरली म्हणून आम्ही दोघी परत आलो. मागच्या दारात सुलोचनाबाई उकिडव्या बसल्या होत्या. ताटात पोळ्या होत्या, सरसोच्या तेलाने चमकत होत्या. जामुन खात होती. भिंतीवरून शेजारच्या सुशिलाबाईंचा हात आत आला होता. हातात आणखी एक पोळी.

"हे पण दे वो सुलोचना. आमच्या टीनाचं लगन जमत नाही, तिच्या नावाची."

नीतू ओरडेल असं मला वाटलं. ती खाली बसली. जामुनच्या तोंडातून पोळी काढू लागली. जामुनने सोडली नाही.

"माय, मरन ना हे."

"अन् माह्या पोराचं काय?" सुलोचनाबाई म्हणाल्या.

मागच्या वर्षी गुड्डूचा ट्रक घाटात उलटला होता. तो केबिनमधून चालत बाहेर आला. तेव्हा पंडितजींनी सांगितलं होतं, काळ्या कुत्रीला शनिवारी पोळी घाला, खंड पडू देऊ नका. तेव्हापासून त्या ऑटो करून मंदिरामागे जायच्या. आणि मग तीच कुत्री त्यांच्या पोरीने घरी आणली. त्यांना तो देवाचा कौल वाटला होता.

"तो रात्रंदिवस रोडवर राहते. मी एक पोळी बंद करू अन् त्याले काही झालं त? तू जबाबदारी घेतेस का?"

नीतू ती जबाबदारी घेऊ शकत नव्हती. तिने पोळी सोडून दिली. मग तिने विचारलं, "पंडितजीनं पोळी केवढी सांगतली?"

"केवढी म्हणजे? पोळीवानी पोळी."

"माप सांगतलं का?"

सांगितलं नव्हतं. पुढच्या शनिवारी सुलोचनाबाईंनी रुपयाएवढी पोळी लाटली. तीनदा तुटली. वर तेलाचं एक बोट. जामुनने ती चावलीही नाही, गिळली, आणि उरलेल्या पोळीसाठी ताटाकडे बघत राहिली.

त्यानंतर सुलोचनाबाईच पहारा देऊ लागल्या. भिंतीवरून हात आला की त्या म्हणायच्या, "टीनासाठी दुसरा कुत्रा पाय बाई. हे आमच्या गुड्डूची हाय."

वजन उतरू लागलं. माल वाळला म्हणत हमालांनी भाव वाढवला. एप्रिलमध्ये काट्यावर पंचवीसच्या खालचा आकडा दिसला. शस्त्रक्रिया झाली. भूल उतरायला वेळ लागला. नीतू दवाखान्याच्या फरशीवर बसून होती आणि जामुनच्या बरगड्या मोजत होती. त्या आता दिसत होत्या. जामुनने डोळा उघडला तेव्हा सुलोचनाबाई दारात हात जोडून उभ्या होत्या. त्या कुणासाठी उभ्या आहेत, ते मला कळलं नाही.

मग तिला न्यायचा दिवस ठरला. चैतराम ओळखीच्या माणसाची व्हॅन घेऊन आले. त्या सकाळीही गुड्डूचा फोन लागेना.

आदल्या संध्याकाळपासून लागत नव्हता. सुलोचनाबाईंनी फाटकाला आतून कडी घातली आणि फाटकासमोर खुर्ची टाकून बसल्या.

"आज नाही," त्या म्हणाल्या.

"माय, ते एवढ्या दुरून आले."

"पोराचा फोन लागू दे पहिले. पोर तिकडे कुठी हाय मालूम नाही अन् मी त्याच्या वाटची कुत्री घालवू?"

नीतू ट्रकच्या मालकाला फोन करत होती. मालक म्हणत होता, गाडी चालू आहे, जीपीएस दिसतं आहे. पण गाडी चालवणारा कोण, हे जीपीएस सांगत नव्हतं. चैतराम बाहेर उन्हात उभे होते. टोपी हातात होती. त्यांना बसा म्हणायलाही फाटक उघडायला हवं होतं.

जामुन सगळ्यांच्या मध्ये आडवी पडली होती.

सुलोचनाबाईंनी फाटकाच्या गजांतून विचारलं, "शनिवारी पोळी द्याल का जी हिले? तेल लावून?"

नीतूने चैतरामांकडे बघितलं. मीही बघितलं. हो म्हणा, एवढंच आम्हाला वाटत होतं. हो म्हणायला काय लागतं. नवेगावला कोण बघायला येणार आहे?

चैतरामांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "नाही देणार बाई. डॉक्टर नाही म्हणाले. एक दिली की गावातले दहा देतील. मग हे पुन्हा तशीच होईन, अन् मले हिले पोरीवानी चालवता नाही येणार."

नीतूने डोळे मिटले.

सुलोचनाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग मोबाइलकडे. पुन्हा एकदा लावला. फोनमधली तीच बाई बोलली, तेच बोलली. त्यांनी फोन पदराला पुसला आणि खुर्ची बाजूला सरकवली.

"हा माणूस खोटं नाही बोलला," त्या नीतूला म्हणाल्या. "देऊन टाक. जलदी दे, नाहीतर मी पुन्हा बसन."

कडी नीतूला निघेना. मी काढली.

व्हॅन गेल्यावर आम्ही तिघी ओट्यावर बसलो. फोन मध्ये ठेवला होता. चूल पेटली नाही. सुशिलाबाईंनी चहा आणून ठेवला, तो थंड झाला. सुलोचनाबाई दर थोड्या वेळाने नंबर लावत होत्या. नीतूला त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. ते तिला जास्त लागत होतं. "शिव्या दे ना माय," ती एकदा म्हणाली. त्यांनी नुसती मान हलवली.

दिवेलागणीला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. गुड्डू होता. ढाब्यावर मोबाइल पाण्याच्या टाकीत पडला होता. बोलायला दुसऱ्या ड्रायव्हरचा मोबाइल घेतला होता.

सुलोचनाबाईंनी आधी त्याला हव्या तेवढ्या शिव्या घातल्या. मग जेवलास का विचारलं. मग त्याने जामुनबद्दल विचारलं असावं, कारण त्यांनी फाटकाकडे बघितलं.

"गेली," त्या म्हणाल्या. "चांगल्या घरी गेली."

तिकडून तो बोलत होता. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणून सांगून राहिली ना बाबू. आता तू सोताच सांभाळ. गाडी सावकाश चालव."