तपेल्यातली पांढरी रेघ

मंगळवार, सकाळी साडेनऊ. स्थळ: बमरोलीतल्या एका डायिंग मिलचं कँटीन. हजर: मी, म्हणजे कँटीन सुपरवायझर, स्वयंपाकीण सिंधूबाई, ॲडमिनचे जिग्नेशभाई, आणि आतून डांबरासारखं काळं झालेलं, डाळीचं मोठं ॲल्युमिनियमचं तपेलं.

जिग्नेशभाईंनी तपेल्यात बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट काळं.

"मीनाबेन, आ शुं छे? गुरुवारी ऑडिट आहे."

ऑडिट म्हणजे आमचं कापड घेणाऱ्या कंपनीची माणसं येऊन मिल तपासतात. कँटीनही तपासतात.

"काल नुसती खिचडी लागली होती तळाला," मी म्हणाले.

"मग आज हे काय?" त्यांनी सिंधूबाईंकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "केटलीत खडी, मिक्सरला वास, आता हे. बाईंना सांगा, आराम करा. मी दुसरी बघतो."

सिंधूबाई शिरपूरकडच्या. अकरा वर्षं माझ्या हाताखाली. त्यांनी ऐकलं होतं, पण पोळ्या लाटणं थांबवलं नाही.

"उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या," मी म्हणाले. त्यांनी दिला.

मी यादी केली. केटलीत बोअरच्या पाण्याची पांढरी खडी बसते. तिच्यात अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर उकळून तासभर ठेवलं. खडी सुटली. मायक्रोवेव्हमध्ये वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी टाकून पाच मिनिटं चालवला, वाफेनं आतलं तेल मऊ झालं आणि फडक्यानं निघालं. मिक्सरच्या भांड्यात खाण्याचा सोडा आणि पाणी घालून फिरवलं. वास गेला. जाडं मीठ फिरवून पात्याला धार येते असं मी कुठेतरी वाचलं होतं. आली नाही.

उरलं तपेलं. काळं पडलेलं ॲल्युमिनियम आंबटानं उजळतं. चिंचेचं पाणी अर्ध्यापर्यंत भरून उकळलं. अर्ध्या तासानं ओतून भांडं निवू दिलं, तर खाली पांढरं, वर काळं, मध्ये आखल्यासारखी रेघ. मला फार बरं वाटलं.

"सिंधूबाई, बघा रेघ कुठवर आली."

त्या वाकल्या. हात आत घातला, कडेवरून फिरवला आणि एका जागी बोट टेकवलं. "हाई बघा. छान निघनं, ताई."

बोट रेघेच्या वीतभर वर होतं. काळ्यावर.

मी तपेलं बाजूला ठेवलं. "सिंधूबाई, किती दिवस झाले?"

"माले समदं दिसस."

"किती दिवस?"

त्या खाली बसल्या. "श्रावणापासून. धुकं आल्यासारखं. फोडणी मी वासावर देते, ताई. मोहरी ऐकू येते."

"मग भांडी?"

"हे घासतात. पाळी लागायच्या आधी सकाळी येतात."

हे म्हणजे त्यांचे यजमान आनंदाभाऊ, आमच्याच डायिंगमध्ये. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना बोलावलं. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी होती.

"जेट मशीनचा रंग कॉस्टिक सोड्यानं दहा मिनिटांत निघतो," ते म्हणाले. जेट म्हणजे कापड रंगवायचं मशीन. "म्हटलं खिचडीही निघेल. भांडं फसफसलं अन् काळं पडलं. मग घासत बसलो. काळं जाईना."

डायिंगमधल्या प्रत्येक माणसाचा कॉस्टिकवर असाच विश्वास असतो. पण जेट स्टीलचं असतं. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं. मी तळाला हात लावून पाहिला. बारीक खड्डे पडले होते. कितीही उजळलं तरी त्यात आता अन्न शिजवायचं नाही. तपेलं भंगारात काढलं.

"हातमोजे का नाही घातले?"

"एक फाटका होता." थोडं थांबून म्हणाले, "तिला नका सांगू बोटांचं. ती लगेच म्हणेल, माझ्यापायी."

बुधवारी संध्याकाळी मी जिग्नेशभाईंना सगळं सांगितलं. बोटांचंही.

"मग तर ठेवायचंच नाही," ते म्हणाले. "उकळत्या तेलापाशी? काही झालं तर?"

त्यांचं बरोबर होतं. मी स्वतः हे महिनोन्‌महिने पाहिलं नव्हतं, ते त्यांना ऐकवायची गरज नव्हती.

"मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन होतं. तोपर्यंत शेगडी आणि फोडणी माझ्याकडे. त्या बसून निवडतील, मळतील, चव सांगतील."

"तुम्ही फोडणी देणार? मीनाबेन, लोक संप करतील."

"चव त्या सांगणार आहेत."

ते हसले नाहीत. "लेखी द्या," म्हणाले. मी दिलं.

ऑडिटमध्ये कँटीनवर एकच शेरा आला: चहाला व्हिनेगरचा वास. केटली तीनदा खळखळून धुवायची असते. मी एकदाच धुतली होती.

मोतीबिंदूच निघाला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं. डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा सिंधूबाई कामावर आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळीकडे पाहिलं.

"ताई, पंखा केवढा कळकट शे. कोणाचं लक्ष नव्हतं का?"

"नव्हतं," मी म्हणाले.

आनंदाभाऊ त्यांना सोडायला आले होते. डबा देताना त्यांचा हात पुढे आला आणि सिंधूबाईंनी तो धरला. बोटांवर गुलाबी, गुळगुळीत डाग होते.

"हे कधी भाजलं?"

"जेटवर. जुनं आहे."

सिंधूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी यादी वाचायला घेतली.

आता भिंतीवर लिहून लावलं आहे: ॲल्युमिनियमला कॉस्टिक नाही, खाण्याचा सोडाही नाही. वहीत आणखी एक लिहिलं आहे: भांडं खराब दिसलं, तर आधी घासणाऱ्याला विचारणे.

यादीतल्या बाकी सगळ्या ओळींवर काट मारली आहे. पंखाही झाला. एक उरली आहे, ती मी दर सोमवारी नव्या पानावर उतरवते. सिंधूबाई म्हणतात, एकानं भागतंय, उन्हाळ्यातल्या पापडांचं काम संपू द्या.

सिंधूबाई – डावा डोळा.