मूल नसलेल्या काकूंची शाळा

अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात आमच्या घराजवळ एक काकू राहतात. मूळच्या नागपूरच्या, आता रिटायर्ड डॉक्टर. मूलबाळ नाही, पण कोपऱ्यावरच्या पब्लिक स्कूलचा, म्हणजे इथल्या सरकारी शाळेचा, एकही कार्यक्रम त्या चुकवत नाहीत. पुढच्याच रांगेत बसतात आणि गाणं संपायच्या आत टाळ्या वाजवतात. माझी लेक दिसली की विचारतात, "आज काय शिकलीस?"

ती म्हणते, "नथिंग!"

"नथिंग? थांब, टीचरला फोनच लावते!"

मागच्या हिवाळ्यात पैसे कमी पडतात म्हणून ही शाळा बंद करायचं स्कूल बोर्डात घाटत होतं. सुनावणीत आम्ही पालक तावातावाने बोललो. मग काकू माइकपाशी गेल्या. बोर्डाच्या एका सभासदाने विचारलं, "तुमचं मूल कितवीत आहे?"

"मला मूल नाही," काकू शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या. "या देशात सगळ्यांसाठी शाळा काढायच्या ठरल्या, तेव्हाही लोक म्हणाले होते, दुसऱ्यांच्या मुलांसाठी आम्ही टॅक्स का भरायचा? तरी भरला. म्हणून गरिबांची मुलं शिकली. पुढे काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत बसता यावं म्हणून कोर्टात जावं लागलं, अपंग मुलांच्या आयांना भांडावं लागलं. एवढ्या कष्टाने उघडलेलं दार तुम्ही लावणार? माझा टॅक्स घ्या आणि शाळा चालू ठेवा."

अख्खा हॉल उभा राहिला. शाळा चालू ठेवायचा ठराव त्याच संध्याकाळी मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याच्या थंडीत काकू शाळेसमोर उभ्या होत्या. पिवळ्या बसमधून उतरणाऱ्या मुलांना दोन्ही हात उंचावून ‘गुड मॉर्निंग’ म्हणत होत्या, आणि मुलं दुप्पट जोराने ओरडत होती. मी गाडी लावली आणि त्यांच्या शेजारी जाऊन ओरडायला लागले.