वाटीवाली आत्या

माणसाची चौकशी करायची तर आमची आत्या तोंडाकडे बघत नसे, थेट पोटाला हात लावी. धसईच्या बाजारात एखादी बाई जरा वाकून उभी दिसली की ही पिशवी खाली ठेवून विचारायची, "वाटी सरकली काय गो?" पोटात दुखलं म्हणजे बेंबीची वाटी सरकली, हे तिचं ठरलेलं निदान. बेंबीवर कणकेचा दिवा लावायचा, त्यावर पेला पालथा घालायचा, मग तेल लावून चोळायचं आणि शेवटी म्हणायचं, "आली जाग्यावर!" गावाने तिला वाटीवाली आत्या केलं होतं आणि तिला त्याचा भलता अभिमान होता.

मी बारावीत असताना दोन घास खाल्ले की पोट फुगून कळ यायची. उमासे यायचे, बाहेर मात्र काही पडायचं नाही. आत्याने मला कित्येक महिने चोळलं. मी वाळतच चालले. "माज्या हाताखालून कोन तसाच गेला नाय," ती म्हणायची, पण पुढे पुढे जरा हळू आवाजात.

शेवटी वडिलांनी तिचं ऐकलं नाही. मुरबाडच्या डॉक्टरांनी कल्याणला धाडलं. तिथे कळलं, माझं जठरच स्वतःभोवती पीळ खाऊन बसलं होतं. या वयात क्वचितच दिसतं म्हणे. पीळ आवळला तर जिवावर बेतणार होतं. आई रडायला लागली आणि आत्या म्हणाली, "सांगत व्हते ना मी, सरकलाय म्हून!"

"आजी, ही वाटी नाही," सर्जन म्हणाले. "हे हाताने सुटत नाही. चोळण्यात फुकट वेळ गेला."

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पीळ सोडवला आणि जठर पुन्हा फिरू नये म्हणून आतूनच टाके घालून पोटाच्या भिंतीला बांधलं. बाहेर नुसती बारीक भोकं. पट्ट्या निघाल्या तेव्हा आत्या वाकून बघत राहिली.

"येवड्याशातून हात कसा गेला गो?"

"हात नाय गेला आत्या, दुर्बीण गेली."

तिने स्वतःचे पंजे उलटसुलट करून पाहिले. मला तिचा राग होता, पण मी तिला ती भोकं नीट बघू दिली.

दिवा-पेला काही सुटला नाही, स्वभाव तो. पण आधी विचारू लागली, "खाल्लेलं खाली उतरतं काय?" नाही म्हटलं की स्वतः मुरबाडच्या जीपपर्यंत सोडायला जायची.

पुढे लग्न झाल्यावर मला सातवा महिना होता तेव्हा आत्या अंथरुणाला खिळली होती. मी भेटायला गेले. सवयीने तिचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला.

"हितं कुनाला दाबू देव नको," ती म्हणाली. "मला पन नाय."

मी तो हात धरून पोटावर ठेवला. आत बाळ हललं.

"जाग्यावर हाय," आत्या म्हणाली.

तिचं ते शेवटचं निदान. बरोबर निघालं.