मिनिटं काढून देणाऱ्या मॅडम

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," असं त्या प्रत्येक ट्रायलच्या आधी म्हणायच्या. मशीनचं दार बंद झालं की दोन पावलं मागे सरायच्या, ओढणी कमरेला घट्ट बांधायच्या आणि ऑपरेटरला सांगायच्या, "काका, हात लाल बटणावर राहू दे. माझं चुकू शकतं."

सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीची इंजिनियर असं बोलते, हे आम्हाला नवीन होतं. तुमच्याही कामावर येत असतील अशी माणसं. आपल्या मालाबद्दल त्यांना तिळमात्र शंका नसते. या मॅडमना स्वतःबद्दल सोडून कोणाबद्दलच शंका नसायची. लोखंडाच्या ट्रेला पाय लागला तर ट्रेला सॉरी म्हणायच्या. एकदा स्कूटर लावताना गेटवरच्या कुत्र्याची झोपमोड झाली, तर त्यालाही म्हणाल्या. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

मी पनवेलच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये प्रोग्रामर आहे. आम्ही स्टेनलेस स्टीलचे व्हॉल्व्हचे भाग बनवतो. टूल कुठून कुठे जाईल, किती वेगाने कापेल, हे मी कॉम्प्युटरवर लिहून द्यायचं आणि मशीनने मुकाट्याने करायचं. वेग मी बेताचाच ठेवायचो. अवघड कोपऱ्यात टूल तुटू नये म्हणून जो वेग लागतो, तोच सगळ्या जॉबभर, म्हणजे तो भाग पुरा होईपर्यंत. त्यामुळे सोप्या जागीही टूल रांगत जायचं. मॅडमचं सॉफ्टवेअर नेमकं हेच बघायचं. टूलपुढे धातू कुठे जास्त, कुठे कमी, कुठे नुसतीच हवा, हे ओळखून ते जागोजागी वेग बदलून द्यायचं.

पहिली ट्रायल नामाकाकांच्या मशीनवर झाली. नामाकाका उरणकडचे, कोळी. घरातले सगळे होडीवर, हे एकटेच तरुणपणी मशीनवर आले आणि इथेच राहिले. दुसऱ्या पाळीला असायचे. त्यांनी दाराच्या काचेला नाक लावलं आणि विचारलं, "कापतंय का नुसता फिरतंय?" जॉब बाहेर आल्यावर हातात फिरवून बघितला. अकरा मिनिटांचं काम सातच्या आत झालं होतं आणि टूलची धार शाबूत होती. "बाय, चांगला झाला," ते म्हणाले. मॅडम शाळेत शाबासकी मिळाल्यासारख्या लाजल्या.

पुढे महिनाभर त्या येत राहिल्या. एकेक जॉब घ्यायचा, तपासायचा, वेळ कमी करायचा. काकांच्या डब्यात जवळ्याची चटणी असायची. मॅडमच्या घरी कांदासुद्धा जपून खायचे. पहिल्या दिवशी त्यांनी नुसता वास घेतला, दुसऱ्या दिवशी चिमूटभर चाखली, आणि आठवड्याने पोळीबरोबर अर्धा डबा संपवला.

"घरी सांगू नका हं, काका."

"मी कोनाला सांगनार? तुजं घर कुटं हाय त्ये पन मना म्हाईत नाय."

शेवटच्या दिवशी काकांनी त्यांना चटणीचा भरलेला स्टीलचा डबाच देऊन टाकला. शेठनी सगळ्यांना पेढे वाटले.

पेढ्यांनंतर थोड्याच दिवसांनी दुसरी पाळी बंद झाली. काम तेवढंच होतं आणि आता ते एका पाळीत उरकत होतं. तीन माणसांना शेठनी केबिनमध्ये बोलावलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यात नामाकाका होते. जाताना त्यांनी मशीन पुसून घेतलं, तसं ते रोजच पुसायचे. मला मात्र ठेवलं. सॉफ्टवेअर चालवायला माणूस लागतोच, आणि ते मॅडमनी मला शिकवलं होतं.

मॅडमना यातलं काही ठाऊक नव्हतं. गणपतीनंतर त्या पुन्हा आल्या. त्यांच्या कंपनीला जाहिरातीसाठी आमच्या वर्कशॉपची गोष्ट छापायची होती आणि ऑपरेटरबरोबर फोटो हवा होता. हातात काकांचा डबा होता. रिकामा कसा परत द्यायचा, म्हणून बेसनाचे लाडू भरून आणलेले.

"काका आले नाहीत अजून?"

मी सांगितलं. सांगताना उगाच स्क्रीनकडे बघत होतो.

त्या स्टुलावर बसल्या. डबा मांडीवर. म्हणाल्या, "माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे कसं, मॅडम? निर्णय शेठचा."

"निर्णय सरांचा. पण मिनिटं मी काढून दिली ना."

फोटो न काढताच त्या केबिनमध्ये गेल्या. शेठ वाईट माणूस नाही. मॅडमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मशीन बंद ठेवायची मला हौस आहे का? काम आणा मॅडम, उद्या पाळी सुरू करतो." विषय संपवायला माणूस बोलतो तसं ते बोलले. मॅडमनी ते शब्दशः घेतलं.

काम आणणं हे त्यांचं काम नव्हतं. पण तळोज्यापासून रसायनीपर्यंतच्या कारखान्यांत त्यांचं येणंजाणं होतं. कुठे काम तुंबलंय, कोणाला वेळेवर माल मिळत नाही, हे त्यांना माहीत असायचं. सुट्टीच्या दिवशी आमचे नमुने पिशवीत घालून त्या हिंडायच्या. त्यांच्या साहेबाला हे कळलं आणि त्याने चारचौघांत सुनावलं, तुला सॉफ्टवेअर विकायला ठेवलंय, दलाली करायला नाही. हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं. हसू काही जमलं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर एका पंपवाल्याचं मोठं काम आमच्याकडे आलं. शेठ स्वतःच चकित झाले, पण शब्दाला जागले. पाळी सुरू झाली. दोघं जण लगेच परत आले. नामाकाका फोनवर "बगतो" म्हणाले आणि आले नाहीत.

एका रविवारी मॅडम म्हणाल्या, आपण काकांकडे जाऊ या. मी कोन गावात राहतो, त्या खारघरला ओवे गावाच्या बाजूला. पनवेलला भेटलो, त्यांची स्कूटर तिथेच लावली आणि माझ्या बाइकवरून निघालो. लाडू त्यांनी पुन्हा केले होते. पहिले आम्हीच खाल्ले होते.

काका अंगणात जाळं विणत बसले होते, भावाचं.

"बाय, तू कशाला एवढी लांब आलीस?"

"माफी मागायला, काका."

काकांनी डबा घेतला, काकींना हाक मारून आत दिला आणि आम्हाला खाट दिली. काकी चुलीकडे वळल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, "आदी मी घरी सांगितलाच नाय. पाळीच्या टायमाला डबा घेऊन निगायचो, धक्क्यावर बसून ऱ्हायचो. तिथंच जेवायचो. हिच्या भावानं बगितला, मंग सांगाया लागला."

मॅडम मान खाली घालून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आता काम आलंय, काका. तुमचं मशीन तसंच आहे. चला ना."

"नव्या कामावर पन तुजा सॉफ्टवेअर चालवनार?"

"हो."

"मंग परत टाइम कमी हुनार."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. पंपाच्या त्या भागावर मी आधीच सॉफ्टवेअर लावून बसलो होतो, आणि त्यांना ते माहीत होतं. नाही म्हणणं सोपं होतं.

"होईल," त्या म्हणाल्या.

"मंग नको, बाय. एकदा सांगितला घरी. दुसऱ्यांदा मना नाय जमायचा."

बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात त्यांना गेटवर बसायचं काम मिळालं होतं. ते चांगलं आहे म्हणाले. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मॅडमनी कालवण-भात खाल्ला, काट्यांशी झगडत. काकांनी दोनदा वाढलं.

पनवेलला परत आलो. स्कूटरचं हेल्मेट चढवताना त्यांनी विचारलं, "खोटं बोलले असते तर काका आले असते ना?"

"आले असते," मी म्हणालो.

त्यानंतर त्या नोकरीत फार टिकल्या नाहीत. जिथे जातील तिथे मालकाला विचारायच्या, वाचलेल्या वेळाचं तुम्ही काय करणार? पुढच्या कामाचं सांगा, मग मी वेळ कमी करून देते. मालकांना हे रुचेना, कंपनीला तर मुळीच नाही. एक दिवस त्यांनी फोन करून मला नव्या इंजिनियरचा नंबर दिला. तुम्ही आता काय करणार, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "ठरलं नाही. सॉरी हं, तुमचं काम अर्धवट राहिलं."

नवा मुलगा हुशार आहे. सॉफ्टवेअरही आता पुढचं आलंय. दुसरी पाळी अजून तरी चालू आहे, आणि माझा पगार वाढलाय. मशीनवरचा एकेक सेकंद कमी झाला की शेठ माझ्या पाठीवर थाप मारतात. तेव्हा मी हसतो.

मध्यंतरी नामाकाकांचा फोन आला. मुलीचं लग्न ठरलं होतं. मला बोलावणं केलं आणि मग म्हणाले, "ती बाय कशी हाय? तिला पन आन."

"बऱ्या आहेत," मी म्हणालो.

"त्या दिशी तिला जेवाया घातला, पन माजा राग नाय ह्ये सांगायचा ऱ्हायला. तू सांग तिला."

मॅडमचा जुना नंबर लावला की आता एक परका माणूस उचलतो. मी तो तीनचारदा लावून बघितला होता. खारघरच्या त्या घरात दुसरे भाडेकरू आहेत.

"सांगतो, काका," मी म्हणालो.