खूण केलेला रोलर

दुरुस्तीला वस्तू द्यायची तर आधी तिच्या आत खूण करून ठेवायची, ही आमच्या घरची रीत. वडील रेडिओच्या पोटात पेन्सिलीने फुली मारत. मी लेझर प्रिंटरच्या सुट्या भागांना नेलपॉलिश लावायचे. मेकॅनिक लोक चांगला पार्ट काढून घेतात आणि भंगार बसवतात यावर माझी श्रद्धा होती, देवावर होती त्याहून जास्तच.

नव्वदच्या दशकात नाशिकच्या सिडकोतल्या घराच्या पुढच्या खोलीत मी डीटीपी सुरू केलं, तेव्हाच तो प्रिंटर जुना घेतला होता. लग्नपत्रिका आणि हँडबिलं जुळवायची, ट्रेसिंग पेपरवर छापून प्रेसला द्यायची. पुढे हलके, देखणे प्रिंटर आले, पण ट्रेसिंग पेपर त्यांच्यातून चुरगळूनच बाहेर यायचा. माझा दोन माणसांनी उचलायचा धोंडा तो सरळ काढून द्यायचा. नवऱ्याची अंबडची कंपनी बंद पडल्यावर तर घर या धोंड्यावरच चालत होतं.

ऐन लग्नसराईत त्याने कागद उचलणं सोडलं. कागद आत ओढणारा रबरी रोलर झिजून गुळगुळीत झाला होता. अशोक स्तंभाजवळचा मेकॅनिक तो काढून नेताना म्हणाला, "मॅडम, हा पार्ट मुंबईतसुद्धा मिळत नाही. या मॉडेलची नाशकात दोनच मशीनं उरलीत. एक तुमचं, एक देवळाली कॅम्पातल्या एका काकांचं." आणि कुठेच मिळत नाही म्हणणारा हाच माणूस त्याच आठवड्यात मुंबईहून नवाकोरा रोलर आणल्याचं सांगत दारात उभा. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण पत्रिका खोळंबल्या होत्या.

महिनाभरात नवाकोरा रोलरही घसरायला लागला. मी तो ओढून काढला. आतल्या खाचेत खरवडूनही उरलेलं पांढरं काहीतरी होतं. नखाने टोकरून पाहिलं, तर व्हाइटनर! म्हणजे माझ्यासारखीच कुणीतरी खूण केली होती. दुसऱ्या दिवशी मी देवळाली कॅम्पची बस पकडली.

काकांचं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. मी प्रिंटरचं नाव काढताच त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "त्या मेकॅनिकनं धाडलंय का तुम्हाला, ताई? मला मशीन विकायचं नाय." मी रोलर पुढे धरला. व्हाइटनर दिसल्यावर त्यांचा चेहरा पडला. उठून त्यांनी आपला प्रिंटर उघडला. त्यांच्या नव्याकोऱ्या रोलरच्या खाचेत माझं मरून नेलपॉलिश होतं.

आम्ही तडक मेकॅनिककडे गेलो. मला वाटलं, गयावया करेल. तो उलट आमच्यावरच उखडला. "पार्ट बनायचाच बंद झालाय. पॉलिश पेपरने घासून, स्पिरिटने पुसून दिवस ढकलतोय मी. तुमचाच रोलर परत बसवला असता, तर खूण बघून तुम्हीच म्हणाला असतात, याने काहीच केलं नाही! म्हणून यांचा तुम्हाला लावला, तुमचा यांना." लबाड तर तो होताच, पण बोलत खरं होता. मग तो म्हणाला, "दोन्ही रोलरचं शाबूत रबर एकावर चढवलं, तर दोन्ही मिळून एक धड मशीन होईल. करू का?"

एक होईल, पण राहील कुणाकडे? रिक्षा स्टँडवर उभं राहून आम्ही बराच वेळ हुज्जत घातली. अखेर ठरलं, मशीन माझ्याकडे आणि कागदाचा ट्रे काकांकडे. एकाला दुसऱ्याशिवाय एक ओळही छापता येणार नाही. काका रोज सकाळी कापडी पिशवीत ट्रे घालून बसने येत, दोघांचं काम उरकलं की तो घेऊन परत जात. मी चहा टाकायला आत गेले की ते झाकण उघडून प्रिंटरच्या आत बघत. ते हात धुवायला गेले की मी त्यांच्या पिशवीत बघे. दोघांनाही ते ठाऊक होतं.

पुढची लग्नसराई सरली. एका सकाळी काकांनी ट्रे बसवला, पण छापायला काहीच काढलं नाही. "राहू द्या हितंच," ते म्हणाले. "बारीक अक्षर दिसंना आता. दुकान बंद केलं काल."

यात यांचा डाव काय, हेच आधी माझ्या डोक्यात आलं. डाव काही नव्हता. त्यांनी चहा घेतला, रिकाम्या पिशवीची घडी घालून खिशात कोंबली आणि बसच्या वेळेला निघून गेले.

मी दार लावून एक पत्रिका छापली. कागद बिनबोभाट आत गेला, सरळ बाहेर आला. आता अख्खं मशीन माझं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी तिथेच खुर्चीत बसून रडले.