दूध आणायला गेलेला माणूस

त्या वर्षी आमच्या जर्मनीतल्या एर्लांगेनच्या दोन खोल्यांत रोज संध्याकाळी शंभरेक इंग्रज माणसं हसायची. दिसायची नाहीत, नुसती ऐकू यायची. टीव्हीवरचा माणूस काहीतरी बोलला की ती खो खो हसायची आणि त्यांच्या पाठोपाठ माझा नवरा हसायचा. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायचे. लग्नाला जेमतेम सात-आठ महिने झाले होते. आपला नवरा कशाला हसतो हे कळायला बायकोला एवढे दिवस पुरतात, असा माझा समज होता.

ऑफिसातल्या कुणीतरी त्याला त्या ब्रिटिश मालिकेच्या डीव्हीडींचा जाडजूड संच दिला होता. मालिकेचा नायक तिशीतला, एकटा, बिनलग्नाचा. मित्राच्या फ्रीजमधलं खायचं, मैत्रिणीचा वाढदिवस विसरायचा, आणि पकडला गेला की असा काही चेहरा करायचा की चिडलेली मुलगीच त्याला चहा करून द्यायची. स्वार्थी म्हणावं तर पुरता स्वार्थी, पण लोभस. मलाही तो आवडायचा, हीच त्यातली मेख होती. असल्या माणसावर रागावताच येत नाही, आणि ज्याच्यावर रागावता येत नाही त्याची मला फार भीती वाटते. रागावणं हा माझा पिढीजात हक्क आहे. तो काढून घेतला तर माझ्या हातात काही उरत नाही.

मी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकलेली. नवरा इस्लामपूरचा, मराठी शाळेतून इंजिनीयरिंगला, मग पुण्यात नोकरीला आणि तिथून जर्मनीला. जर्मन मात्र फाडफाड बोलायचा. बेकरीतल्या बाईशी त्याचं 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', सुरू झालं की मी कौतुकानं बघत राहायचे. ज्याला एवढी अवघड भाषा येते त्याला इंग्रजी काय, हातचा मळ, असं मी धरून चालले होते.

मार्चमध्ये मला दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर एक ठिपका दाखवला आणि आनंद झाला का म्हणून विचारलं. मी 'जा, जा', म्हणजे 'हो, हो', म्हटलं, कारण जर्मनमध्ये मला तेवढंच पटकन सुचायचं. बाहेर येऊन सायकलींच्या स्टँडपाशी उभी राहिले. लग्न ठरताना आम्ही एका हॉटेलात कॉफी प्यायला भेटलो होतो, तेव्हा तो म्हणाला होता, "तीन वर्षं मूल नको हं. आधी जरा जगू या." मीही हसून हो म्हटलं होतं. कॉफी पिताना माणूस कशालाही हो म्हणतो.

त्याला सांगायचं रोज ठरवायचे आणि रोज राहून जायचं. अलीकडे तो गप्प गप्प असायचा. पोळी अर्धी टाकायचा. घरी आला की बूट काढून थेट टीव्हीसमोर. मोठ्यानं हसायचा तेवढाच त्याचा आवाज. मला वाटायला लागलं की हा तीन वर्षं इथे एकटा राहिलेला माणूस, याला ते दिवस आठवतात. सायकल काढावी, मित्रांकडे जावं, कुणाला काही सांगायला नको. त्या टीव्हीवरच्या माणसात तो स्वतःला बघतोय आणि मी मागे पोळ्या लाटतेय. माझा व्हिसा त्याच्या व्हिसाला शिवलेला. तो सुटला तर मी कुठे जायचं?

मग एका शुक्रवारी तो भाग लागला. नायकाची मैत्रीण त्याला म्हणते, मला बहुतेक दिवस गेलेत. तो गंभीर चेहरा करून म्हणतो, "मी अजून कुणाचा बाप व्हायला फार लहान आहे." मग म्हणतो, दूध संपलंय, घेऊन येतो. आणि दूध आणायला जो जातो तो आगगाडीत बसून समुद्रकाठी पोचतो. तिथे आइस्क्रीम खात बसतो. शेवटी सगळा गैरसमज होता असं कळतं, तेव्हा दुधाची बाटली हलवत घरी येतो. ती शंभर माणसं हसून हसून बेजार झाली. माझा नवरा पोट धरून हसला. मग त्यानं ते मागे नेऊन पुन्हा लावलं. आणि पुन्हा. मी हातातलं लाटणं ठेवलं आणि खाली केलरमध्ये, तळघरात, गेले. तिथे सगळ्या बिऱ्हाडांची धुण्याची मशीनं होती. आमचं मशीन रिकामंच होतं. ते चालू केलं आणि त्या आवाजात रडून घेतलं.

शनिवारी सकाळी तो दाढी करत होता. बाथरूमचं दार लोटलेलं होतं. मी टॉवेल द्यायला गेले आणि आतून त्याचा आवाज आला. इंग्रजीत, अगदी हळू, पण स्वच्छ. "मी अजून कुणाचा बाप व्हायला फार लहान आहे." थोडं थांबून पुन्हा तेच. मग जरा वेगळ्या सुरात, शेवटच्या 'फादर' या शब्दावर जोर देऊन, पुन्हा तेच.

याला कळलंय, मला वाटलं. डॉक्टरांकडून कळलं की माझ्या तोंडावरून, कोण जाणे, पण कळलंय. आणि मला कसं सांगायचं याची तो तयारी करतोय.

टॉवेल दाराच्या कडीला लावून मी परत आले. थोड्या वेळानं तो जॅकेट घालून बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "दूध संपलंय. उद्या संडे, सगळं बंद. घेऊन येतो."

दुकान आमच्या कोपऱ्यावर होतं. आजारी माणूसही पाव तासात जाऊन येईल एवढ्यावर. मी खिडकीत उभी राहिले. तो दुकानावरून पुढे गेला आणि स्टेशनच्या रस्त्याला वळला.

मग मी जे जे केलं ते आठवलं की अजून कसंतरी होतं. कपाट उघडलं. त्याचे शर्ट होते. ड्रॉवर उघडला. पासपोर्ट होता. पण त्या टीव्हीवरच्यानं तरी कुठे काय नेलं होतं बरोबर? पुण्याला आईला फोन लावला आणि उचलायच्या आत ठेवून दिला. तिला काय सांगणार होते? जावई दूध आणायला गेलेत? पोटावर हात ठेवून खुर्चीत बसले. बस आली, गेली. दुसरी आली, गेली. मी इतकी घाबरले होते की मला रागही येत नव्हता, आणि मला राग येत नाही म्हणजे काय, हे माझ्या माहेरच्यांना विचारा.

जेवणवेळ टळून गेल्यावर दारात किल्ली वाजली. दुधाचे दोन खोके घेऊन तो उभा होता.

"कुठे होतास?"

"दूध..."

"दूध आणायला स्टेशनवर जातात?"

तो बूट काढायला खाली वाकला तो वाकलेलाच राहिला. "टेलिफोनच्या दुकानात गेलो होतो. पुण्याला फोन करायचा होता. जुन्या कंपनीत काही जागा आहे का विचारायला."

"घरून का नाही केलास?"

"तू ऐकलं असतंस ना."

"मी नकोय का तुला? सरळ सांग."

"वेडी आहेस का?"

"मग सकाळी बाथरूममध्ये काय चाललं होतं? बाप व्हायला लहान आहेस म्हणे!"

त्याचे कान लाल झाले. "ते होय... प्रॅक्टिस करत होतो."

बुटांच्या फळीवर बसून त्यानं मग सगळं सांगितलं. टीमवर नवा इंग्रज साहेब आला होता. मीटिंगा इंग्रजीत व्हायला लागल्या होत्या. दुपारी कॅन्टीनमध्ये सगळे याच मालिकेतली वाक्यं एकमेकांवर फेकायचे आणि हसायचे. "मी आपला सूप पीत बसतो. माझा फरट्राग, नोकरीचा करार, सप्टेंबरला संपतोय. एक्स्टेंड करायचा की नाही ते तोच ठरवणार. आल्झो, म्हणून म्हटलं एक डायलॉग तरी नीट मारता यायला पाहिजे."

"पण तू तर पोट धरून हसतोस."

"ते लोक हसले की मी हसतो. निम्मं कळतच नाही गं. फार फास्ट बोलतात. कालचं तर तीनदा लावलं तरी नाही समजलं. तो दूध आणायला जातो, त्याला एवढं का हसतात?"

एवढे आठवडे मी ज्या हसण्याला घाबरून जगत होते, ते त्याचं नव्हतंच. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि शाळेत धडा समजावून देतात तसं सांगितलं.

"तिला वाटत असतं की तिला दिवस गेलेत. ती त्याला सांगते. तो घाबरतो आणि दुधाचं निमित्त करून पळून जातो."

"हो, पण मग यात हसायचं काय?"

"मला दिवस गेलेत," मी म्हटलं.

दुधाचे खोके त्याच्या मांडीवर तसेच होते. त्यानं ते दोन्ही हातांनी घट्ट धरले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला, आणि त्या चेहऱ्यावर पळून जाण्याचं काही म्हणून नव्हतं. नुसती भीती होती, माझ्यासारखीच.

"सप्टेंबरनंतर काय करायचं?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही."

"मला फार भीती वाटतेय गं."

"मलाही," मी म्हटलं आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकवून रडले. या वेळी आवाज लपवायला मशीन लावलं नाही.

सोमवारी तो घरी आला आणि टीव्ही लावला नाही. स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभा राहिला. कॅन्टीनमध्ये संधी आली होती. बोलणं पोराबाळांवर गेलं, साहेबानं याच्याकडे बघून तुझं काय म्हणून विचारलं, आणि यानं ते वाक्य टाकलं. जोर बरोबर त्या शेवटच्या शब्दावर. साहेबाला हसता हसता ठसका लागला, कुणीतरी याच्या पाठीवर थाप मारली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, सगळे हसले," तो म्हणाला. "मलाच हसू आलं नाही."