काकूंची राहून गेलेली लस

फ्लूचा मोसम आला की माझं डोकं फिरतं. आखातात, अल वक्रामधल्या आमच्या फार्मसीत माणसं खोकत येतात, काउंटरवर वाकतात आणि म्हणतात, 'सिस्टर, कुछ स्ट्राँग दे दो.' मी सिस्टर नाही, फार्मासिस्ट आहे. आणि स्ट्राँग म्हणजे त्यांना अँटिबायोटिक हवं असतं, जे फ्लूवर चालत नाही आणि चिठ्ठीशिवाय मी देतही नाही. मी विचारते, लस घेतली का? 'यहाँ लगाते हो?' नाही. आमच्या दुकानात टोचायची परवानगी नाही. जगात कुठे कुठे फार्मासिस्टच ही लस देतात. मीसुद्धा एका ट्रेनिंगमध्ये रबराच्या दंडावर टोचून टोचून शिकले आहे. पण इथे माझं काम औषध द्यायचं आणि तोंडाची वाफ दवडायची. सुईसाठी त्यांनी पलीकडच्या क्लिनिकमध्ये जायचं, आणि बहुतेक जण जात नाहीत.

पूर्वी मला याचं फार काही वाटायचं नाही. काकूंपासून वाटायला लागलं.

काकू सांगलीकडच्या. मुलगा रास लफानच्या गॅस प्लांटवर शिफ्टमध्ये, सून सात महिन्यांची गरोदर. सुनेला आई नाही, म्हणून या व्हिजिट व्हिसावर बाळंतपण करायला आल्या होत्या. जुन्या दम्याच्या. पहिल्यांदा आल्या त्या पंप संपत आला म्हणून, आणि मी मराठीत बोलले तशा रोजच यायला लागल्या. बीपी मोजायचं निमित्त. खुर्चीत बसून गिऱ्हाइकांकडे बघत राहायच्या आणि माणूस बाहेर पडला की मला म्हणायच्या, 'त्या दाढीवाल्यावर एवढं खेकसायला काय झालं गं? नाशिकच्या बायका सगळ्या अशाच का?' मी नाशिकची. खेकसते, हे खरं आहे.

गरोदर बाईनं फ्लूची लस घेतली तर बाळालाही पहिले काही महिने तिचा आधार मिळतो, आणि तो लागतोच, कारण सहा महिन्यांच्या आत बाळाला ती देता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते असं मनावर घेतलं की विचारू नका. सुनेला दुसऱ्याच दिवशी क्लिनिकमध्ये नेलं. मुलाला सुट्टीच्या दिवशी झोपेतून उठवून पाठवलं.

'आणि तुम्ही?' मी म्हटलं. 'दमा तुम्हाला आहे. खरी गरज तुम्हालाच आहे.'

'मला कशाला? मी कुठं हापिसाला चालले?'

खरं कारण हळूहळू बाहेर आलं. तरुणपणी गावातल्या कंपाउंडरनं दिलेलं इंजेक्शन पिकलं, गळू झालं, ते कापायला लागलं. तेव्हापासून अनोळखी हाताची सुई नको म्हणजे नको. मी काही सोडलं नाही. रोज बीपीचा पट्टा बांधताना माझं तेच पुराण. शेवटी एका संध्याकाळी त्या वैतागल्या. ब्लाउजची बाही वर सारून दंड माझ्यापुढे केला.

'टोच जा एकदा. पण तूच टोच, दुसऱ्या कुणाचा हात नको. रोजची पीडा तरी जाईल.'

मला टोचता येत होतं. लस पलीकडच्या इमारतीत फ्रीजमध्ये होती. आणि मला म्हणावं लागलं, 'काकू, मला परवानगी नाही.'

'आं? मग एवढी कशापायी मागं लागलीस माझ्या?'

त्यांनी बाही खाली केली. त्यांना हसू आलं होतं, मला रडू. मी म्हटलं, सकाळी क्लिनिकमध्ये जाऊ, मी येते, हात धरून उभी राहते. 'बघू' म्हणाल्या. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. सकाळी त्यांचा फोन आला, आत्ता नको, बारसं झालं की घेते. आवाजात काहीतरी पक्कं ठरवल्यासारखं होतं, म्हणून मी आणखी ताणलं नाही.

मुलगी झाली. बारशाला त्यांचा हॉल माणसांनी भरून गेला होता. दोघं-तिघं खोकत होते. एक जण तर म्हणालाही, 'थोडा सर्दी-ताप आहे, पण म्हटलं बारसं चुकवायचं नाही.' मी पाळण्याशी पोलिसासारखी उभी राहिले. जो येईल त्याला आधी हात धुवायला लावलं, खोकणाऱ्यांना पाळण्यापासून लांब बसवलं. लोकांना मी आगाऊ वाटले असणार, वाटू दे. माझं सगळं लक्ष बाळावर होतं. काकू दारात उभ्या राहून आल्या-गेल्याला जवळ घेत होत्या, पानं वाढत होत्या, खोकणाऱ्यांना आल्याचा चहा नेऊन देत होत्या. त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी त्यांना ताप भरला. मग दमा उसळला, पंपाला दाद देईना. हॉस्पिटलमध्ये फ्लूच निघाला, त्यावर न्यूमोनिया झाला. आठवड्याभरात काकू गेल्या. बाळाला साधी शिंकसुद्धा आली नाही.

मुलगा आईला घेऊन सांगलीला गेला. विमानात आईची पेटी खाली आणि हा वर. बाळाचा पासपोर्ट अजून झाला नव्हता, त्यामुळे सुनेला जाता येईना. ओली बाळंतीण, घरात एकटी. ड्यूटीच्या आधी मी रोज त्यांच्याकडे जायला लागले. बाळाला तेल लावायची, न्हाऊ घालायची, तिच्यापुरतं काहीतरी शिजवून ठेवायची. मला हे काम नीट येतही नव्हतं. बाळ अंगावर धरून ती नुसती बघत बसायची.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती बोलली.

'ताई, त्या जाणार होत्या लस घ्यायला. रात्री मला येऊन म्हणाल्या, उद्या फार्मसीतली पोरगी नेणार आहे. मीच म्हटलं, आई, त्या सुईनं मला दोन दिवस ताप आला होता. तुम्ही अंथरुणाला पडलात आणि मला तेव्हाच कळा लागल्या तर मी एकटी काय करू? बारसं होऊ दे, मग घ्या.' तिनं माझा हात घट्ट धरला. 'घेतली असती तर वाचल्या असत्या का हो?'

मी बरीच वर्षं या धंद्यात आहे. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून मी कधी गोड बोलले नाही, त्यामुळेच माझ्याशी भांडणं होतात. पण त्या पोरीचं तोंड बघून मी म्हणाले, 'नाही गं. त्यांची छातीच खराब झालेली होती. लसीनं काही फरक पडला नसता.'

ती खूप रडली. त्या दुपारी नीट जेवली. मला वाटलं, बरं केलं.

पुढच्या वर्षी मोसम सुरू झाला तेव्हा ती मुलीला कडेवर घेऊन सर्दीचे थेंब न्यायला दुकानात आली. मुलगी गुटगुटीत, काउंटरवरचं सगळं ओढत होती. मी म्हटलं, 'आता हिला देता येते, पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतरानं दोन डोस. आजच क्लिनिकमध्ये जा. तूही घे.'

'नको ताई,' ती अगदी सहज म्हणाली. 'उगाच त्रास कशाला द्यायचा? त्यानं काही फरक पडत नाही, तुम्हीच नाही का म्हणाला होतात?'

सारवासारव करायला मी दोन-तीन वाक्यं जुळवून पाहिली, एकही धड होईना. मागे माणसं उभी होती, त्यांना थांबा म्हटलं आणि काउंटरच्या बाहेर आले. तेव्हा मी खोटं बोलले होते, असं तिला सांगितलं. काकू वाचल्याच असत्या असं कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण वाचण्याची आशा वाढली असती, आणि म्हणून या पोरीला घरी नेण्याआधी टोचून घे.

तिनं मुलीचा हात काउंटरवरून सोडवला.

'म्हणजे मीच,' ती म्हणाली.

मी नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. पण आता माझं 'नाही' ती का ऐकेल?

ती सरळ क्लिनिकमध्ये गेली. नंतर तिचा नवरा मला रस्त्यात भेटला, मुलीचे दोन्ही डोस वेळेवर झाले म्हणाला. ती मात्र पुन्हा आमच्या दुकानात आली नाही. औषधं आता मेट्रो स्टेशनजवळच्या फार्मसीतून नेते.